एका घरात दोन मते
(साथीच्या नियमांविषयी आईबापांकरिता व उपदेशकांकरिता धडा)

वाचावयाचे शास्त्रभाग: लेवीय १३.१–८ व ४५–४६, लेवीय १४.१–२२, गणना १२.९–१५, मत्तय ४.५–७, रोम १४.१–१५, इफिस ५.२१ ते ६.४.



आमच्या खानदेशातील मंडळ्यांत रविवारची उपासना संपली म्हणजे लोक लगेच घरी जात नाहीत. पुरुष निंबाच्या सावलीत बसतात, बाया ओट्यावर बसतात, आणि कापसाचा भाव, केळीवरचा रोग, मुलीचे शिक्षण, सासूचे दुखणे अशा गोष्टी निघतात. ह्या गोष्टींत एक विषय असा आहे की, इतकी वर्षे लोटली तरी तो निघाल्यावाचून राहत नाही. तो म्हणजे करोनाच्या साथीचे दिवस व त्या वेळचे नियम. एक माता म्हणते, "माझा मुलगा पहिलीत असताना घरी बसला, तो तिसरीत गेल्यावर शाळेत बसला, अजून त्याला सरळ वाचता येत नाही." दुसरा एक पिता म्हणतो, "सगळे उगाच बंद केले. गरिबाची मजुरी मात्र गेली." तिसरी भगिनी काही बोलत नाही. तिची आई एका लग्नाहून आली, आजारी पडली आणि परत उठली नाही. आणि पुष्कळदा असे दिसते की, हा वाद दोन घरांमध्ये नसतो. तो एकाच घरात, नवराबायकोमध्ये असतो.

त्या दिवसांत कोणाचे खरे होते व कोणाचे खोटे, ह्याचा निवाडा करावयास आम्ही बसलो नाही. परंतु साथी पूर्वी आल्या, पुढेही येतील. आणि ज्या घरात मागचा राग साचून राहिला आहे ते घर पुढच्या संकटात अगोदरच अर्धे मोडलेले असते. म्हणून मते निरनिराळी असता ख्रिस्ती आईबापांनी एकमेकांशी व मुलांशी कसे वागावे, हे आपण शास्त्राच्या उजेडात पाहू.

१. काय घडले त्याची आठवण

२०२० च्या मार्च महिन्यात, २२ तारखेस एक दिवसाची जनता संचारबंदी झाली, आणि २५ तारखेपासून सर्व देशात टाळेबंदी लागली. शाळा त्यापूर्वीच बंद झाल्या होत्या. त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिलास आला. तो आपण बंद दारांच्या आत पाळला. मे महिन्यात मुंबईकडून निघालेले मजूर आग्रा रस्त्याने धुळे व शिरपूरवरून मध्य प्रदेशाच्या हद्दीकडे पायी चालत गेले. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, आणि पायांत तुटकी चप्पल. रस्त्याकाठच्या गावांनी त्यांना पाणी व भाकरी दिली, ही आपल्या प्रांताची चांगली साक्ष आहे.

उपासनेची ठिकाणे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. २०२१ च्या एप्रिलात दुसरी लाट आली तेव्हा ती पुन्हा बंद झाली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. खेड्यांतील शाळांचे पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी व पहिली ते चौथीचे १ डिसेंबर रोजी भरू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. सरकारी मोजणीप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे १ लाख ४८ हजार माणसे ह्या साथीत मरण पावली. मोजणीत न आलेली दुःखे देवास ठाऊक आहेत.

ह्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. रोग खोटा नव्हता. आणि नियमांचा भारही खोटा नव्हता. जो ह्यांपैकी एकच गोष्ट पाहतो त्याला आपल्या घरातील दुसऱ्या माणसाचे दुःख दिसत नाही.

२. दूर ठेवण्याविषयी शास्त्र काय शिकविते

पुष्कळांस वाटते की, रोग्याला वेगळे ठेवणे ही सरकारची नवी युक्ती आहे. लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय उघडून पाहा. अंगावर चट्टा दिसला म्हणजे मनुष्याने याजकाकडे जावे. याजकाने तो तपासावा. संशय असल्यास सात दिवस त्याला वेगळे ठेवावे. सातव्या दिवशी पुन्हा पाहावे. चट्टा पसरला नसल्यास आणखी सात दिवस थांबावे. मग शुद्ध असल्यास तसे सांगून त्याला मोकळे करावे. ज्याचा रोग ठरला त्याने ओठ झाकून घ्यावे व छावणीबाहेर राहावे. तोंड झाकण्याची गोष्ट ऐकून आपल्या गावात जे हसले, त्यांनी ही ४५ वी ओवी वाचावी.

परंतु ह्या नियमाचे अंग नीट पाहा. पहिले, वेगळे ठेवणे ही शिक्षा नव्हती. संशयिताला कोणी मारीत नसे, झिडकारीत नसे. दुसरे, त्याला मुदत होती. सातव्या दिवशी पुन्हा पाहिलेच पाहिजे. कोणाला कोंडून विसरून जावयाचे नाही. तिसरे, परत घेण्याचाही विधी होता. चौदाव्या अध्यायाचा पहिला भाग त्याविषयीच आहे: बरा झालेला मनुष्य सन्मानाने छावणीत आणावा. चौथे, त्याच अध्यायाच्या २१ व्या ओवीत गरिबाकरिता अर्पण हलके केले आहे. नियम सर्वांस एकच, परंतु गरिबाच्या खांद्यावर तो श्रीमंताइतका जड ठेवू नये, हे देवाने स्वतः पाहिले.

मिर्यामेची गोष्टही पाहा. तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवले, आणि ती परत येईपर्यंत सर्व लोकांनी कूच केले नाही. एका आजारी बाईकरिता सगळे राष्ट्र थांबले. आपल्या गावांत काय झाले? काही ठिकाणी बरे होऊन आलेल्या माणसाला हातपंपावर पाणी भरू दिले नाही, त्याच्या मुलांशी कोणी खेळेना, आणि मेलेल्याला खांदा द्यावयास शेजारी पुढे आला नाही. हे शास्त्रातील दूर ठेवणे नव्हे. हे टाकून देणे होय. पहिल्यात प्रीती आहे, दुसऱ्यात केवळ भय आहे.

३. पूर्वीच्या साथी आणि देवाची माणसे

१५२७ साली जर्मनीतील विटेनबर्ग नगरात प्लेग आला. मार्टिन ल्यूथर ह्यांस तेथील राज्यकर्त्याने नगर सोडून जाण्यास सांगितले, तरी ते आजाऱ्यांच्या सेवेकरिता राहिले. त्याच वर्षी त्यांनी एका पत्रात ह्या विषयाचा विचार केला. ज्याच्यावर आजाऱ्याची सेवा सोपविली आहे त्याने पळू नये. परंतु औषध घ्यावे, घर धुरी देऊन शुद्ध करावे, आणि जेथे आपली गरज नाही तेथे जाऊन आपण रोग घेऊ नये व दुसऱ्यास देऊ नये, असा त्यांचा सल्ला होता. औषध टाकून देणे म्हणजे विश्वास नव्हे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस प्लेग उघडकीस आला, आणि १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला. तोच कायदा २०२० मध्येही लागू करण्यात आला. पुण्यात शिपायांनी घरे तपासली, बायांच्या अब्रूचा विचार राहिला नाही, आणि लोकांत मोठा क्षोभ झाला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले ह्यांनी आपला मुलगा डॉ. यशवंत ह्यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा केली, व स्वतः त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्या मरण पावल्या.

आपल्या बहीण पंडिता रमाबाई ह्यांचे उदाहरण तर ह्या धड्याकरिता फारच उपयोगी आहे. दुष्काळात सापडलेल्या मुलींस त्यांनी आणले, परंतु प्लेगमुळे पुण्यात आणखी मुली ठेवण्यास मनाई होती. त्यांनी ती मनाई मोडली नाही. मुलींस केडगावच्या शेतावर नेले, आणि तेथूनच पुढे मुक्ती सदन वाढले. तथापि ज्या वेळी पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांची नीट काळजी घेतली जात नाही असे त्यांस दिसले, त्या वेळी १८९७ सालीच त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात उघड लिहून सरकारास दोष दिला. म्हणजे नियम पाळणे व अन्यायाविरुद्ध बोलणे ही दोन्ही कामे एकाच ख्रिस्ती बाईने एकाच वर्षी केली. "नियम पाळतो तो सरकारचा भाट" आणि "नियमाविषयी प्रश्न विचारतो तो लोकांचा वैरी" असे जे आपण एकमेकांस म्हणालो, ते दोन्ही चुकीचे होते.

४. विश्वास आणि धाडस ह्यांतील भेद

त्या दिवसांत पुष्कळ घरांच्या दारांवर ९१ वे स्तोत्र लिहून लाविले होते. ते स्तोत्र उत्तम आहे, आणि संकटात त्याने आम्हांसही धीर दिला. परंतु मत्तयाच्या चौथ्या अध्यायात मंदिराच्या शिखरावर सैतानाने प्रभूला जे वचन दाखविले, ते ह्याच स्तोत्रातले होते, हे विसरू नका. देव राखील म्हणून उडी टाक, असे तो म्हणाला. प्रभूने वचन नाकारले नाही. त्याने उडी नाकारली. देवाची परीक्षा पाहणे हा विश्वास नव्हे.

"प्रभू राखणारा आहे, मग तोंडाला रुमाल कशाला, लस कशाला?" असे म्हणणारा पिता आपल्या शेतात साप दिसला तर काठी घेतो, आणि विहिरीला कठडा बांधितो. तेथे त्याला अविश्वास वाटत नाही.

लशीविषयी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत पुष्कळ भय पसरले होते. टोचून घेतले तर मनुष्य मरतो, मूल होत नाही, अशा गोष्टी फिरल्या. आणि काही ख्रिस्ती लोकांनी तिला प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातील श्वापदाची खूण म्हटले. त्या अध्यायात श्वापदाची उपासना करणाऱ्यांची खूण सांगितली आहे. रोग्यास वाचविणाऱ्या औषधाशी तिचा संबंध नाही. लशीचे खरे काम काय ते साधेपणाने समजून घ्यावे. शरीराला रोगाची ओळख ती अगोदर करून देते, म्हणजे रोग आल्यावर शरीर लवकर लढते. करोनाची लस घेऊनही पुष्कळांस ज्वर आला हे खरे. परंतु जोराचा आजार व मरण तिने पुष्कळ कमी केले. म्हणून "लस घेतली तरी आजारी पडलो" हे म्हणणे खोटे नाही, आणि "लशीने जीव वाचले" हेही खोटे नाही. मुंबईस डॉ. हाफकिन ह्यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. जे दुसऱ्यास द्यावयाचे ते अगोदर आपण घेणे, ही रीत आपणा उपदेशकांस शिकण्याजोगी आहे.

५. आमची स्वतःची चूक

हा धडा लिहिताना आमचा एक अपराध सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस उचित वाटत नाही. २०२१ च्या आरंभी, उपासना पुन्हा सुरू झाल्यावर, आमच्या मंडळीतील एक बंधू आपल्या मुलांस घेऊन आत न येता दाराबाहेर उभा राहत असे, आणि प्रभुभोजनाच्या वेळी सर्वांच्या प्याल्यातून घेत नसे. आम्हांस ते बरे वाटले नाही. एका रविवारी वादळात भ्यालेल्या शिष्यांवर उपदेश करिताना आम्ही म्हणालो की, असे अल्पविश्वासी आजही दाराबाहेर उभे आहेत. सर्वांनी वळून त्याच्याकडे पाहिले. त्याच्या बायकोने मान खाली घातली. पुढील रविवारी ते कुटुंब आले नाही.

दोन महिन्यांनी दुसरी लाट आली आणि ज्वर आमच्याच घरात शिरला. आम्ही उभयता खाटेवर पडलो असता सकाळी कोणी तरी ओट्यावर दूध व भाकरी ठेवून, दाराची कडी वाजवून, दूर उभे राहत असे. तो तोच बंधू होता. तो उंबरठ्याच्या आत आला नाही, आणि एक दिवसही चुकला नाही.

बरे झाल्यावर आम्ही त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तो म्हणाला, "पाळकसाहेब, माझ्या आईला दमा आहे. तुम्ही विचारले असते तर मी सांगितले असते." आम्ही विचारले नव्हते, निवाडा मात्र केला होता. ज्या व्यासपीठावरून आम्ही त्याला लाजविले, त्याच व्यासपीठावरून, उपासना पुन्हा सुरू झाल्यावर, आम्ही सर्वांसमक्ष आपली चूक कबूल केली. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय आम्ही पाठशाळेत शिकलो होतो. तो आम्हांस ह्या बंधूच्या ओट्यावर समजला.

६. रोम १४ आणि आपले घर

रोम येथील मंडळीत कोणी सर्व काही खात असत, कोणी केवळ भाजीपाला खात असत, आणि त्यावरून तंटा होता. प्रेषित पौल दोघांसही एकेक मोह दाखवितो. जो मोकळेपणाने वागतो त्याला दुसऱ्यास तुच्छ मानण्याचा मोह होतो. जो जपून वागतो त्याला दुसऱ्यास दोषी ठरविण्याचा मोह होतो. आपल्या घरांत हेच झाले. मोकळा नवरा म्हणाला, "तू भित्री आहेस." जपणारी बायको म्हणाली, "अहो, तुम्हांला मुलांच्या जिवाची पर्वा नाही." दोन्ही वाक्ये खोटी होती, नवऱ्याला पर्वा होती, आणि बायको भित्री नव्हती. नवऱ्याला घरातील रिकाम्या डब्याची चिंता होती, बायकोला खोकणाऱ्या सासऱ्याची. दोघांची चिंता एकाच घराकरिता होती. परंतु चिंता सांगण्याऐवजी त्यांनी एकमेकांस नावे ठेविली.

तथापि प्रेषित एवढ्यावर थांबत नाही. १५ व्या ओवीत तो मोकळ्या मनुष्याला विचारतो की, ज्याच्याकरिता ख्रिस्त मेला त्याचा नाश आपल्या अन्नाने करावा काय? म्हणजे मत आपापले असावे, परंतु वर्तन ठरविताना घरातील जो सर्वांत दुर्बळ असेल त्याच्याकडे पाहावे. बळकटाने दुर्बळाकरिता माघार घ्यावी. दुर्बळाने बळकटाच्या सोयीकरिता मरावे, असे शास्त्र कोठेही सांगत नाही.

आणि दुर्बळ कोण, हे नीट पाहावे. साथीत म्हातारी आजी दुर्बळ होती. परंतु ज्याची मजुरी गेली तो बापही दुर्बळ होता, आणि शाळा बंद झालेली लेकरेही दुर्बळ होती. ज्या घरी पगार चालू होता त्याला "घरी बसा" म्हणणे सोपे होते. ज्या घरी मोबाइल होता तेथे थोडा तरी अभ्यास झाला; पाड्यावरच्या मुलाला ना मोबाइल होता ना त्याची लहर. शाळा सुटली म्हणून काही घरांनी वय न पाहता मुलीचे लग्न उरकण्याचा विचार केला. हे नियमाचे नव्हे, आपल्या घाईचे पाप होते.

७. आईबापांनी काय करावे

पहिले, मुलांसमोर एकमेकांस हिणवू नये, आणि "जा, तुझ्या बापाला सांग" असे म्हणून मुलाला मधला निरोप्या करू नये. वाद करावयाचा असल्यास मुले निजल्यावर करावा. मुलांस क्रोधास प्रवृत्त करू नये अशी आज्ञा इफिसकरांस पत्रात आहे; आईबापांचा वाद पाहणारे मूल दोघांवरही रागावते.

दुसरे, मत विचारण्यापूर्वी भय विचारावे. "तुला कशाची धास्ती वाटते?" हा प्रश्न पतीने पत्नीस व पत्नीने पतीस एकदा तरी विचारावा, आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नये.

तिसरे, रोगाविषयीची माहिती आशाताई, परिचारिका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर ह्यांच्याकडून घ्यावी. मोबाइलवर आलेली प्रत्येक गोष्ट पुढे पाठविणे ही खोटी साक्ष होऊ शकते.

चौथे, जे ठरवाल ते मुदतीचे ठरवावे. याजक सातव्या दिवशी पुन्हा पाहत असे. तसे आपणही आठवड्याने पुन्हा बसून पाहावे. मुदत नसलेल्या नियमाने घरात चीड वाढते.

पाचवे, हरपलेले भरून काढावे. ज्या मुलाचे वाचन मागे पडले आहे त्याच्याकडून रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत चार ओव्या वाचवून घ्याव्या. अडखळला तर हसू नये. ही कौटुंबिक उपासनाही होईल व शाळाही होईल.

सहावे, ज्यांच्या घरात त्या दिवसांत मरण आले, त्यांच्याजवळ बसून वाद करू नये. ती भगिनी ओट्यावर गप्प बसली असता तिच्यासमोर "सगळे उगाच होते" म्हणणे, किंवा "लग्नाला जावयास नको होते" म्हणणे, ही दोन्ही वाक्ये सारखीच क्रूर आहेत. तिला दफनाच्या वेळी जे गीत गाता आले नाही, ते मंडळीने आता तिच्या घरी जाऊन गावे.

उपदेशकांनी घरसभेत विचारावयाचे प्रश्न

१. लेवीय १३ मध्ये रोग्यास किती दिवसांनी पुन्हा पाहावे असे सांगितले आहे? त्यावरून नियमाविषयी काय शिकावे?
२. मिर्यामेकरिता लोक का थांबले? आपल्या मंडळीत आज कोणाकरिता थांबण्याची गरज आहे?
३. पंडिता रमाबाईंनी नियमही पाळला व दोषही दाखविला. आपणांस ह्यांपैकी कोणते अधिक कठीण जाते?
४. रोम १४ प्रमाणे मोकळ्या मनुष्याचा मोह कोणता व जपणाऱ्याचा कोणता? माझा कोणता?
५. साथीच्या दिवसांत मी ज्यास बोललो व ज्याची अजून क्षमा मागितली नाही, असा कोणी माझ्या घरात आहे काय?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर सभेत देण्याची गरज नाही. ते घरी जाऊन, चुलीपाशी, ज्याचे त्याला द्यावे. ज्या ओट्यावर गेली कित्येक वर्षे हा वाद चालला आहे, तेथेच एखाद्या रविवारी पतीने पत्नीस म्हणावे, "त्या वेळी मी तुझे ऐकून घेतले नाही". आणि पत्नीनेही तसेच म्हणावे. त्या दिवशी त्यांची मुले साथीविषयी नव्हे, तर ख्रिस्ताविषयी काही शिकतील.

ज्याने महारोग्याला स्पर्श केला, आणि त्याच महारोग्याला नियमाप्रमाणे याजकाकडेही पाठविले, तो प्रभू आपणा सर्वांस प्रीती व सुबुद्धी दोन्ही देवो. आमेन.